मिस टटलचं मत

३ एप्रिल, बुधवार

आज अर्ज दिला. ऑल्डरवेल नगर परिषद, पुलाकडचा वॉर्ड, जागा एक. समोर नेव्हिल ग्रिम्शॉ, आमच्याच गल्लीतला. वीस वर्षं ती खुर्ची त्याच्या बुडाखाली आहे. मधल्या दोन निवडणुकांत तर त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. ही वही मी पुन्हा उघडली ती एवढ्यासाठी, की जिंकले तर सुरुवातीपासून सगळं लिहिलेलं असावं.

भांडण एकाच गोष्टीचं आहे, चौकातल्या सार्वजनिक शौचालयाचं. गेल्या हिवाळ्यात परिषदेनं ते बंद केलं. टवाळ पोरं मोडतोड करतात म्हणे. नेव्हिलनंही हात वर केला. तेव्हापासून माझ्या दुकानात लोकर विचारणारे कमी आणि संडास विचारणारे जास्त. बाजाराच्या दिवशी बसनं आलेल्या म्हाताऱ्या बायका बटणांच्या बरण्यांपुढे पाय आवळून उभ्या राहतात आणि "आम्ही आपलं नुसतं बघतोय" म्हणतात. जीव गेला तरी तोंडानं मागायच्या नाहीत. मीच हाताला धरून मागे नेते.

क्लाइव्हनं माझं पत्रक वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी हा माणूस असाच बघतो.

"घोषणा काय मग? संडास उघडा, देश वाचवा?"

"हसून घे."

"हसत नाही गं. मत तुलाच देणार. माझं वय झालंय, ते उघडलं की रांगेत पहिला मीच."

१४ एप्रिल, रविवार

दारोदार फिरून पायांचे तुकडे पडले. आमच्या गावात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, हीच पंचाईत. प्रत्येक जण "वा, छान, नक्की विचार करू" म्हणतो आणि दार लागल्यावर आतून टीव्हीचा आवाज वाढतो. पत्रक आत सरकवताना एका कुत्र्यानं बोट धरलं, तेवढाच एक प्रामाणिक विरोध.

मिल लेनमध्ये नेव्हिल भेटला. तोही पत्रकं वाटत होता, छातीवर निळा बिल्ला, हातात ती जुनी छत्री.

"रोझलिंड, चौदा नंबरचं फाटक ढकलू नकोस हं. वर उचलायचं, मग उघडतं. आणि त्या बाई मागच्या दारानंच येतात, जरा थांबावं लागतं."

"आभारी आहे, नेव्हिल. तुम्ही जाऊन आलात?"

"आलो. त्या म्हणाल्या, विचार करू." आणि हसला.

मला हे आवडलं नाही. विरोधकानं विरोधकासारखं वागावं. चौदा नंबरचं फाटक वर उचललं, लगेच उघडलं.

१८ एप्रिल, गुरुवार

गुरुवार म्हणजे मिस टटल. पलीकडच्या कोपऱ्यातलं घर. वय एकोणनव्वद. मला पहिली-दुसरीला त्यांनीच शिकवलं, आणि मी साठीला आले तरी त्यांच्यासमोर पाय जुळवूनच उभी राहते. नऊ वर्षं त्यांचा बाजार मी आणते. संत्र्याचा मुरंबा जाड सालींचा, पातळ सालींचा आणला तर परत पाठवतात. जानेवारीत पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून घराबाहेर नाहीत.

आज पिशवी रिकामी करत होते तेव्हा म्हणाल्या, "पोरी, एक काम आहे. अगदी स्पष्ट नाही म्हणालीस तरी चालेल."

"सांगा ना."

"मला या वेळी जाता यायचं नाही. टपालानं मत पाठवणं मला पटत नाही. मत म्हणजे काय विजेचं बिल आहे? कुणीतरी माझ्या वतीनं शाळेत जाऊन, पेन्सिलीनं फुली मारून, पेटीत टाकायला हवं. तशी सोय आहे. तू जाशील का माझ्या बदली?"

मला इतकं भरून आलं की विचारू नका. म्हटलं, "अहो, मलाच ना ते मत! मी नाही तर कोण जाणार?"

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. 

"तेच सांगायचं होतं. मत नेव्हिलला द्यायचंय."

मी हसले. खोटं कशाला, मोठ्यानं हसले.

"तू गुणी आहेस," त्या म्हणाल्या, "पण नेव्हिलला मी शब्द दिलाय. त्या गारठ्यात माझं गटार तुंबलं तेव्हा तो गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घालून बसला होता. आणि कचऱ्याचा डबा दर आठवड्याला तोच बाहेर काढतो. तुला वाईट नाही ना वाटणार?"

"छे! अजिबात नाही," मी म्हणाले. "मत शेवटी ज्याचं त्याचं. मी मारीन फुली, काळजी करू नका."

कागदावर सह्या झाल्या. मला मुरंब्याची एक जुनी बाटली दिली, धुऊन परत आणायला.

१९ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही. नऊ वर्षं! चारशेच्या वर गुरुवार होतात. त्यात बर्फ पडलेले होते, माझी कंबर धरलेले होते, आई गेली तो आठवडा होता. आणि नेव्हिलनं एकदा गटारात हात घातला तर शब्द त्याला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी माझी गत.

क्लाइव्हला सांगितलं. तो लीकच्या भाजीची रोपं लावत होता.

"मग नाही म्हणायचं होतंस."

"नाही कसं म्हणणार? त्या किती अवघडून विचारत होत्या."

"म्हणजे त्या अवघडल्या, तू अवघडलीस, आणि दोघी मिळून चहा प्यायलात. इंग्लंड असंच चालतं बाई." आणि पुन्हा मातीत तोंड घातलं. या माणसाशी बोलण्यापेक्षा लीकशी बोलावं.

मी शब्द पाळणारच आहे. राग येतो म्हणून लिहिलं, एवढंच.

२ मे, गुरुवार, सकाळ

मतदान. हवा स्वच्छ, पण वारा बोचरा. शाळेच्या दारात नेव्हिल सात वाजल्यापासून बिल्ला लावून उभा. मला थर्मासमधला चहा दिला. मीही बिस्किटं दिली. लोक आम्हा दोघांनाही हसून "शुभेच्छा" म्हणत आत जातात, त्यामुळे काही कळत नाही. दुकान उघडून, दुपारी परत जाऊन मत देईन. स्वतःचं आणि मिस टटलचं.

संध्याकाळ

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी लिहिलं होतं की हात आपोआप गेला. ते खोडलं. हात आपोआप जात नसतो.

मतदान केंद्राच्या अध्यक्षबाईंनी गाडीच्या परवान्यावरचा फोटो बघून आधी मला माझा कागद दिला. मी फुली मारून पेटीत टाकला. मग दुसरा दिला, "हा मिस टटल यांच्या वतीनं." मी पुन्हा त्या फळकुटाच्या आडोशाला गेले. दोनच नावं. वर ग्रिम्शॉ, खाली हेब्डन, म्हणजे मी. पेन्सिल दोरीला बांधलेली. मी दोन्ही नावं वाचली, मग परत वाचली. बाहेरून नेव्हिलचा आवाज येत होता, तो कुणाच्या तरी कुत्र्याशी बोलत होता. मनात आलं, त्यांना कुठे कळतंय कोण काय करतं परिषदेत. त्या बाहेर पडतच नाहीत, त्यांना शौचालयाचं काय. मला त्यांच्या भल्याचं जास्त कळतं. असं सगळं मनात आलं, आणि मी माझ्या नावापुढे फुली मारली. नीट मारली, दोन रेघा, चौकोनाच्या आत.

बाहेर आले तर नेव्हिलनं विचारलं, "झालं का गं?"

"झालं," म्हटलं.

एका मतानं काय होतंय. तो नेहमी दीडदोनशेंनी येतो. असो.

३ मे, शुक्रवार

मी जिंकले. एका मतानं.

नगरभवनात सकाळी मोजणी झाली. पहिल्यांदा चारशे बारा आणि चारशे अकरा. पुन्हा मोजलं, तेच. तिसऱ्यांदा मोजलं, तेच. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवणार. मोजणाऱ्या मुली बोटांना रबरी टोप्या घालून कागद उलटत होत्या आणि त्यातला एक कुणाचा, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

हिशोब साधा आहे. तो कागद त्याच्या गठ्ठ्यात असता तर चारशे बारा त्याचे असते.

अधिकाऱ्यानं नेव्हिलला विचारलं, आणखी एकदा मोजायचं का. तो म्हणाला, "नको हो, या मुलींना जेवायचं असेल." मग माझ्याकडे आला आणि हात पुढे केला. त्याच्या हाताला साबणाचा वास होता. "छान लढलीस, रोझलिंड. आता ते संडास उघडून दाखव." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसनं येणाऱ्यांपैकी एक बाई रडलीसुद्धा.

क्लाइव्हनं मिठी मारली. "अगं, मागे वळून काय बघतेयस?" म्हणाला. मी म्हटलं, गर्दी किती आहे ते.

५ मे, रविवार

घरात चार केक आलेत. त्यातले तीन लिंबाचे. एकीनं वर साखरेनं शौचालयाचं दार काढलंय, त्यावर "उघडं आहे" असं लिहिलंय. सगळे हसले. मी माझा तुकडा क्लाइव्हच्या बशीत सरकवला.

कुंपणानंच शेत खाल्लं. लहानपणी हे ऐकलं की वाटायचं, कुंपण कसं खाईल?

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

७ मे, मंगळवार

काल बँक हॉलिडे, म्हणजे कचऱ्याची गाडी एक दिवस उशिरा. गल्लीतले सगळे दर वर्षी हे विसरतात आणि डबे आदल्याच दिवशी बाहेर काढून ठेवतात. नेव्हिल कधी विसरत नाही.

संध्याकाळी खिडकीतून बघते तर तो मिस टटलच्या फाटकातून डबा ओढत आणतोय. हरला तरी! मला वाटलं होतं आता तरी सोडेल. मग आमच्या दारात आला आणि आमचाही डबा काढून ठेवला, मूठ रस्त्याकडे, कडेला अगदी सरळ. मी घरातल्या चपलांतच बाहेर धावले.

"नेव्हिल, कशाला उगाच तुम्ही."

"अगं, तुझ्या मागे आता शंभर कामं."

"मला तुम्हाला काही सांगायचंय."

त्यानं आकाशाकडे बघितलं. "पावसाची सर येणार बघ," म्हणाला. मग डब्याचं झाकण दाबत बोलला, "तशी मलाही एक गोष्ट सांगायचीय, आता निवडणूक झालीय म्हणून. विनिफ्रेडनं, म्हणजे मिस टटलनी, बदली मतासाठी आधी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मीच उमेदवार, मलाच मत, बरं दिसत नाही. त्यांना म्हटलं, रोझलिंडला सांगा. त्या म्हणाल्या, ती तर तुझ्याविरुद्ध उभी आहे. मी म्हटलं, म्हणूनच तिला सांगा. ती सरळ आहे."



"तुला अवघड गेलं असेल ते," तो म्हणाला. "त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते."

सर खरंच आली. तो छत्री उघडून गेला. माझ्या चपला भिजल्या, पण मला आत जाववेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आधी मला वाटलं त्याला कळलंय आणि तो टोमणा मारतोय. रात्रभर तेच शब्द उलटसुलट करून बघितले. टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

९ मे, गुरुवार

बाजार घेऊन गेले. जाड सालींचा मुरंबा, दूध, अर्धा पाव, पेपरमिंट. जाताना ठरवलं होतं, पिशवी ठेवायच्या आधी सांगायचं. सोमवारी परिषदेची पहिली सभा. सभेच्या आधी पदस्वीकाराच्या कागदावर सही करायची असते, तोपर्यंत मी कुणी नाही.

मिस टटल खिडकीशी बसल्या होत्या. "या, नगरसेविकाबाई!"

"मिस टटल, मला काही सांगायचंय."

"एका मतानं, नाही का? मी रेडिओवर ऐकलं. माझ्या मनात आलं, बरं झालं बाई. माझ्या मतानं पोरीचं काही वाकडं झालं नाही."

"त्या मताबद्दलच."

त्यांनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच, तळहात पुढे. मी तिथेच थांबले, सहा वर्षांची असल्यासारखी.

"मत गुप्त असतं, रोझलिंड."

"पण ते तुमचं होतं."

"माझं होतं," त्या म्हणाल्या. "तू काही सांगू नकोस. सांगितलंस तर मला नेव्हिलला सांगावं लागेल, आणि मग त्याला तुझ्याशी बोलावं लागेल. आपण तिघं एकाच गल्लीत राहतो."

मुरंब्याची बाटली उजेडात धरून त्यांनी साली बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"पुढच्या वेळी मला चाकाच्या खुर्चीत घालून ने शाळेत. फुली मी मारीन."

"बदली मत नको?"

"नको. तुला त्रास कशाला?"

चहा प्यायलो. त्यांनी बिस्किटाचा डबा पुढे केला, नेहमीसारखी दोन घ्यायला लावली. दोन्ही खाल्ली. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. क्लाइव्हनं बाहेरून विचारलं, काय झालं, तर म्हटलं, नळ गळतोय.

१३ मे, सोमवार

क्लाइव्हला काल सांगितलं. सगळं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"मग आता?"

"सही करणार नाही."

"कारण काय सांगशील?"

"तब्येत."

"म्हणजे आणखी एक खोटं."

"हो," म्हटलं. "पण या खोट्यानं मला काही मिळत नाही."

तो उठून माझ्यासाठी अंडं उकडायला गेला. त्याला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

नगरभवनात चिटणिसानं कागद पुढे केला. पेनचं टोपण त्यानंच काढून दिलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हाही मोह झाला. खिडकीतून चौक दिसत होता, कुलूप लावलेलं ते दार, आणि बसच्या थांब्यावर पिशव्या घेऊन उभ्या बायका. मी सही केली तर जूनपर्यंत ते दार उघडेल, याची मला खात्री होती. त्या बायकांचं काय चुकलं? याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आता लिहितानाही नाही. "तब्येत बरी नाही," म्हटलं, आणि पेनला टोपण लावून परत दिलं.

चिटणीस फार चांगला माणूस. त्यानं लगेच खुर्ची दिली.

१९ मे, रविवार

पुन्हा केक येताहेत. आता तब्येतीसाठी. लोक दारात हळू आवाजात बोलतात. कुणीतरी क्लाइव्हला विचारलं म्हणे, "खूप वाढलंय का?" सगळ्यांना वाटतंय मी मरणार आहे, आणि ते माझ्याशी इतकं चांगलं वागताहेत की मरावंसंच वाटतं.

दुकानाच्या दारावर पाटी लावली: "आत शौचालय आहे. खुशाल विचारा. काही विकत घ्यायची गरज नाही." एवढंच माझ्या हातात आहे. तरी येतात, बटणांपुढे उभ्या राहतात, आणि म्हणतात, आपलं नुसतं बघतोय.

२७ जून, गुरुवार

पोटनिवडणूक. नेव्हिल उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर बेकरीतली तरुण मुलगी. तिनं माझंच पत्रक घेतलंय, नाव बदलून. मी म्हटलं, घे.

दहाच्या सुमारास मिस टटलना खुर्चीत बसवलं. डोक्याला हॅट, मांडीवर पर्स, पर्समध्ये ओळखीसाठी फोटोचा पास. मिल लेनच्या चढावर मला दम लागला. वाटेत लोक थांबून माझ्या तब्येतीची चौकशी करत होते, आणि मी एकोणनव्वद वर्षांच्या बाईला चढावर ढकलत होते. मिस टटल समोर बघून म्हणाल्या, "ती ठणठणीत आहे. थोडी अशक्त होती." आणि विषय संपवला.

शाळेच्या दारात नेव्हिल होते. फाटक त्यांनीच धरलं. आमची नजर भेटली, आणि या वेळी त्यांनी आकाशाकडे बघितलं नाही. "चढ जड गेला का गं?" एवढंच विचारलं. त्यांना कळलंय की नाही, हे मला आयुष्यभर कळणार नाही.

आत मी खुर्ची आडोशाला लावली. फळकूट त्यांना उंच पडत होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही मदत केलीत तरी चालेल."

"नको," मी आणि मिस टटल एकदमच बोललो.

मी मागे सरकून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पोरांचे कोट अडकवायच्या खुंट्या तिथे अजून तशाच आहेत, कमरेइतक्या उंचीवर. मागे पेन्सिलीचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. त्यांनी खूप वेळ घेतला. मी वळले नाही.

मग हाक आली, "रोझलिंड, झालं. वळ आता."

कागदाची घडी त्यांनी घट्ट मुठीत धरली होती. मी खुर्ची पेटीपर्यंत नेली आणि हात मागे घेतले. पेटी उंच होती, हात पोचेना, तरी त्या माझ्याकडे न बघता कशाबशा उठल्या, एका हातानं टेबल धरून, आणि घडी स्वतःच आत टाकली.